नशा करणाऱ्याला आणि देहविक्रय करणारीला गुन्हेगार ठरवून काय साधतं?

पंचवटीकर:
ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात एमडीचा (मेफेड्रोन या अमली पदार्थाचा) कारखाना सापडला, तेव्हापासून नाशकात एकच पालुपद: धरा आणि आत टाका. कारखानदाराला टाकाच. पण स्वतःपुरती पुडी घेणाऱ्या सिडकोतल्या पोराला? एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याच्या कलम २७ खाली नुसत्या सेवनालाही कैद आहे. आत जाऊन तो पोरगा अट्टल होऊनच येणार. पोर्तुगालमध्ये २००१ पासून दहा दिवसांपुरता माल सापडला तर खटला नाही, समितीपुढे उभं राहायचं. देहविक्रयाचंही तसंच काहीतरी करा.

सातपूरची सून:
दादा, पोर्तुगाल राहू द्या, आमच्या गल्लीत या. शेजारच्या काकूंचं पोरगं आधी 'कुत्ता गोळी' म्हणतात त्या नशेच्या गोळीवर होतं, आता एमडीवर. मंगळसूत्र विकलं त्याने. पोलिसाच्या भीतीने बाकीची पोरं लांब आहेत, ती भीतीही काढणार? अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्याने २०२० मध्ये मतदान घेऊन हेच केलं, २०२४ मध्ये निमूट मागे फिरले.

पंचवटीकर:
कारण तिथे शिक्षा आधी काढली आणि उपचारांचा पैसा रखडला.

गोदाकाठ:
दोन विषय एका दावणीला बांधू नका. १९५६ च्या पिटा (अनैतिक व्यापार प्रतिबंध) कायद्यात स्वतःच्या मर्जीने देहविक्रय हा मुळात गुन्हाच नाही. कुंटणखाना चालवणं, दलाली, रस्त्यावर गिऱ्हाईक बोलावणं हे गुन्हे. मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने बजावलं, धाडीत अशा बाईला अटक नको, दंड नको, छळ नको, तिची ओळखही छापू नका. तरी बातमीत फोटो कुणाचा? ओढणीत तोंड लपवलेल्या बाईचाच. गिऱ्हाईक कधी दिसलंय त्या फोटोत?

सातपूरची सून:
मग गिऱ्हाईकालाच धरा ना! स्वीडन १९९९ पासून धरतंय. कुंटणखान्याला मान्यता म्हणजे दलालाला लायसन्स.

गोदाकाठ:
गिऱ्हाईक घाबरलं की सौदा अंधारात आणि घाईत होतो. माणूस पारखायला बाईला वेळच मिळत नाही. न्यूझीलंडने २००३ मध्ये प्रौढांचा मर्जीचा देहविक्रय गुन्ह्यातून बाहेर काढला.

द्राक्षबागायतदार:
वाइनची राजधानी म्हणून मिरवणाऱ्यांनो, १९४९ च्या दारूबंदी कायद्याने दारू प्यायलाही परवाना लागतो. कुणाकुणाकडे आहे?

पंचवटीकर:
भाऊ, विषय भरकटवू नका. (माझ्याकडे नाही.) ताई, त्याच एनडीपीएसमध्ये कलम ६४अ आहे. व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला गेला तर सेवनाचा खटला चालत नाही.

सातपूरची सून:
मत माझं तेच आहे. पण ६४अ चा अर्ज कुठे मिळतो? काकूंना द्यायचाय.

गोदाकाठ:
अर्ज राहू द्या, आधी सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात दाखल करा. उपचार अर्धवट सोडले तर सूट जाऊ शकते, हे काकूंना नीट सांगा.