जुनी पत्रं कापायची नाहीत

बी-६०४: नमस्कार मंडळी. सोसायटीतर्फे वाटायच्या फराळाच्या डब्यांना यंदा जुन्या धाटणीचे टॅग आपणच करायचे ठरलंय ना? आमच्या आजेसासूबाईंची ट्रंक माळ्यावरून खाली काढलीये. पोस्टकार्डं, पाकिटं, पिवळे पडलेले कागद, त्यातले काही मोडीतले. घराचं काम निघालंय म्हणून शनिवारी रद्दीवाल्याला बोलावलंय. त्याच्या तराजूत घालण्यापेक्षा कापून टॅगवर चिकटवले तर? खरेखुरे जुने आणि फुकट.

डी-८०१: काकू, मस्त आयडिया!

सी-५०३: अगं थांब. रद्दीवाल्यालाही देऊ नकोस आणि कात्रीही लावू नकोस. एखाद्या पोस्टकार्डाचा फोटो टाकतेस?

बी-६०४: (फोटो)

सी-५०३: अक्षर बघा काय सुरेख आहे. वर 'श्री', मग गाव आणि मिती, 'कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष'. जागा संपली तेव्हा कार्ड आडवं धरून समासात शेवटच्या दोन ओळी बसवल्यात. हे पुन्हा कुणी लिहिणार नाही गं. टॅगवर हेच अक्षर दिसायला हवं, अगदी हेच, पण मूळ कार्डाला धक्का न लावता. आपण ह्याचा रबर स्टॅम्प करून घेऊ.

बी-६०४: स्टॅम्प म्हणजे ऑफिसात मारतो तसा?

सी-५०३: तसाच. इथे ठाण्यातच कोर्टनाक्याला शिक्के करून देतात, तिथे होईल. मोबाइलचा फोटो द्यायचा नाही, त्यात सावल्या येतात. कार्ड सपाट ठेवून ६०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करायचं आणि निव्वळ काळं-पांढरं करून द्यायचं. मधल्या करड्या छटा शिक्क्यात येत नाहीत, त्या एकतर काळ्या होतात नाहीतर जातात. टाकाच्या केसासारख्या बारीक रेषा जरा जाड करून द्याव्या लागतील. अक्षरं उलटी तेच करतात. आपण आधीच उलटं करून नेलं तर शिक्का चुकीचा उमटेल, हे त्यांना आणि स्वतःला दोनदा सांगायचं.

आणि ओळी निवडताना घरातलं खासगी काही नको. दुखणी, पैसे, कुणाचं लग्न मोडल्याचं, असलं सगळं त्यात असतं. नमस्काराच्या, आशीर्वादाच्या ओळी घे. 'सर्व मुलांस अनेक आशीर्वाद' एवढं एक वाक्य फराळाच्या डब्यावर किती शोभेल!

ए-१०२: नमस्कार. मी तिकिटं जमवतो, म्हणून दोन गोष्टी आग्रहाने सांगतो. एक, पाकिटांवरची तिकिटं कापून काढू नका. तिकीट कापलं की पोस्टाचा गोल शिक्का अर्धा जातो, आणि पत्र कुठल्या गावाहून कधी निघालं ते त्या शिक्क्यावरूनच कळतं. पाकिटासकट तिकिटाला जे महत्त्व असतं ते सुट्याला नसतं. दोन, आपल्याकडे पोस्टकार्ड १ जुलै १८७९ ला आलं, पाव आण्याला. तुमच्या ट्रंकेत त्या काळातलं एखादं निघालं तर मला नक्की बोलवा, मी पाच मिनिटांत वर येतो.

टॅगवर खरी जुनी तिकिटं हवी असतील तर माझ्याकडे एकाहून जास्त असलेल्या वापरलेल्या तिकिटांचा डबाभर साठा आहे. कोमट पाण्यात भिजवून सुटी केलेली, टीपकागदावर पालथी वाळवलेली. हवी तेवढी न्या.

सी-५०३: काका, खूप खूप आभार! हे तर सोनंच.

बी-६०४: मोडीतल्या कागदांचं काय करू? घरात कुणालाच वाचता येत नाही.

सी-५०३: ते तर अजिबात हलवू नकोस. जमिनीचा व्यवहार असेल, कर्जरोखा असेल, नाहीतर साधी किराण्याची याद असेल, वाचल्याशिवाय कळणार नाही. घड्या जबरदस्तीने उघडू नकोस, घडीवरच तुकडे पडतात. मोडी वाचणाऱ्याला आधी दाखवू. दिसायला मात्र मोडीसारखं सुंदर दुसरं नाही. आधी पानभर आडव्या रेघा ओढून घ्यायच्या आणि त्यांना लटकवल्यासारखी अक्षरं बोरू शक्यतो न उचलता लिहीत जायची, त्यामुळे सगळी ओळ वाहत जाते. वाचून झाल्यावर त्यातल्या चार ओळींचा मोठा शिक्का करू, संपूर्ण टॅगच्या मागे पार्श्वभूमीला.

बी-२०३: एक विचारू का? जांभळी नाक्याला तयार टॅग शेकड्याने मिळतात. मग एवढा खटाटोप कशाला?

सी-५०३: मिळतात, आणि वाईट नसतात. पण त्यांच्यावर परदेशी टपालाचे शिक्के, आयफेल टॉवर आणि फ्रेंच अक्षरं छापलेली असतात. आपल्या कुणाच्याच घरात तसली पत्रं आलेली नाहीत. ठाण्याला स्वतःचं जुनेपण एवढं असताना ते का आणायचं? १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी निघाली ती आपल्या ठाण्याला आली. १४ डबे, ३ इंजिनं, ३४ किलोमीटर. इंजिनाचं साधं रेखाचित्र आणि खाली 'ठाणे, १८५३', एवढा एक शिक्का केला तरी मुलं आवडीने उमटवतील. रेल्वेची जुनी जाड पुठ्ठ्याची तिकिटं आठवतात का कुणाला? त्या मापाचे पुठ्ठे कापून टॅगवर तिरके लावले की छान उठून दिसतात.

डी-८०१: मावशी, त्यावर तीन सिंहांचा शिक्का मारला तर? जुन्या स्टॅम्प पेपरसारखं दिसेल.

ए-१०२: बाळा, ते नको. राजमुद्रेच्या अनुचित वापराला बंदी करणारा २००५ चा कायदा आहे. खऱ्या कचेरीच्या शिक्क्याची नक्कल तर अजिबातच नको, शिक्के करणाराही करून देणार नाही.

डी-८०१: ओके काका. मग शाई? माझ्याकडे निळा ऑफिसचा पॅड आहे.

सी-५०३: शाईचं नीट समजून घे, सगळं त्यावरच आहे. ऑफिसच्या पॅडची शाई बहुतेक वेळा पाण्यात विरघळते. तिच्यावर ओला ब्रश फिरवलास की अक्षरं पसरतात. म्हणून खालचं अक्षर पक्क्या शाईत उमटवायचं. दुकानात 'आर्काइव्हल' किंवा 'परमनंट' म्हणून मागायची. ती वाळली की वरून पाणी, जलरंग काहीही चालतं. दुसरी पाण्याने मुद्दाम पसरणारी, 'डिस्ट्रेस' नावाने मिळते, ती पार्श्वभूमीला आणि कडांना. तिसरी पिगमेंट शाई, दाट आणि सावकाश वाळणारी; ओली असतानाच तिच्यावर एम्बॉसिंग पावडर, म्हणजे तापवली की वितळून उठाव देणारी भुकटी, टाकतात. तुझा निळा पॅड शेवटच्या गोल तारखेच्या ठशाला वापर, त्यानंतर पाणी लावायचं नाही म्हणजे झालं. हे सगळं क्रॉफर्ड मार्केटजवळ अब्दुल रेहमान स्ट्रीटला मिळतं, मी गुरुवारी जाणारच आहे.

बी-६०४: मी घरी स्टॅम्प करून बघितला होता एकदा. मधेच फिकट, कडेला डाग.

सी-५०३: दोन कारणं असतात. पॉलिमरचा, म्हणजे रबरासारख्या प्लास्टिकचा, नवा शिक्का शाई धरत नाही, पृष्ठावर थेंब थेंब जमतात. साध्या खोडरबराने हलकेच घासला की धरायला लागतो. आणि शिक्का पॅडवर दाबू नको. शिक्का उताणा ठेवून पॅडच त्याच्यावर टिपत जा. उमटवताना सरळ खाली, हलवायचा नाही, डोलवायचा नाही. मोठा शिक्का असेल तर कागदाखाली माऊसपॅड ठेव, मधला भाग नीट उठतो. नंतर ओल्या फडक्याने पुसायचा. पॉलिमरला थिनर लावू नका आणि उन्हात ठेवू नका, पिवळा पडतो.

आता टॅगचं. कागद जाड, तीनशे जीएसएमच्या (चौरस मीटरला तीनशे ग्रॅम) आसपासचा, चित्रकलेचा कार्ट्रिज चालेल. जुन्या सामानाच्या लेबलाचं मोठं माप साधारण १६ बाय ८ सेंटिमीटर, आपल्या डब्याला त्याच्या निम्मं पुरे. वरचे दोन कोपरे तिरके कापायचे, भोक पाडायचं आणि भोकाभोवती खाकी कागदाची चकती दोन्ही बाजूंनी चिकटवायची. ही चकतीची युक्ती अमेरिकेतल्या टॅग बनवणाऱ्या डेनिसनची, १८६३ ची. सुतळी ओढली तरी भोक फाटत नाही, म्हणून दीडशे वर्षं लोक तेच करतायत.

मग चहा. कोरा, कडक, बिनसाखरेचा. साखर राहिली की मुंग्या येणार. ताटात टॅग बुडवून पाच-दहा मिनिटं, मग वर्तमानपत्रावर नाही, सुती कापडावर वाळवायचे. वर्तमानपत्राची शाई ओल्या कागदाला लागते. कॉफीने रंग गडद येतो, पण इन्स्टंट कॉफीचा जाड थर आपल्या दमट हवेत चिकट राहतो, म्हणून मी चहाच घेते. वाळल्यावर कापडाखालून इस्त्री. थोडे सुरकुतलेले राहिले तर राहू दे.

ए-१०२: मूळ फोटो किंवा पत्र असल्या चहाच्या कागदाला चिकटून ठेवू नका बरं. चहा आम्लधर्मी असतो, शेजारच्या कागदालाही डाग चढतो.

सी-५०३: अगदी बरोबर, काका. हेच दुसऱ्या बाजूनेही आहे. लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त जुन्या कागदात लिग्निन हा लाकडातलाच घटक असतो, त्याने तो पिवळा पडून ठिसूळ होतो. ओला फेव्हिकॉल लागला की असला कागद फुगतो, फाटतो, आणि टॅगही खराब करतो. म्हणजे नुसत्या मायेपोटी मी कापू नका म्हणत नाहीये, कामालाही तो कागद वाईटच. जिथे शिक्का नको, सबंध पत्रच दिसायला हवं, तिथे झेरॉक्स लावा, लेझरची. इंकजेटच्या प्रिंटवर गोंदाचा ओला हात फिरला की बहुतेक अक्षरं वाहून जातात.

डी-८०१: आणि ते मेणासारखं चमकणारं उठावाचं काम?

सी-५०३: एम्बॉसिंग. ते सगळ्यात बघण्यासारखं! पिगमेंट शाईत ठसा उमटवायचा, त्यावर बारीक पावडर टाकायची, जास्तीची कागदावर झटकून परत डबीत. मग हीट गन, म्हणजे गरम हवा सोडणारं यंत्र, धरायची. आधी काहीच होत नाही, पावडर रवाळच दिसते. आणि एका क्षणी एका कोपऱ्यातून ती वितळायला लागते आणि चकचकीत होत पुढे सरकते. तेवढं झालं की गन लगेच पुढे न्यायची, जास्त तापली की ती कागदात मुरते आणि उठाव बसतो. केस वाळवायचा ड्रायर चालत नाही, त्याचा वारा जास्त आणि उष्णता कमी, पावडरच उडून जाते. पावडर भलतीकडे चिकटू नये म्हणून आधी टॅगवर चिमूटभर टाल्कम पावडर पुसून घ्यायची.

पारदर्शक पावडरने अक्षर उठवलं आणि वरून तपकिरी शाई घासली तर उठावावर शाई टिकत नाही, फडक्याने पुसून निघते. भोवती जुनाट तपकिरी रंग आणि मधे अक्षर उजळ राहतं. आजेसासूबाईंचा आशीर्वाद मला असाच हवाय.

आणि पावडर ज्यांच्याकडे नसेल त्यांनी पांढऱ्या मेणबत्तीने रेघोट्या काढून वरून जलरंग फिरवला तरी तसंच काहीसं होतं. मुलांना तेच द्या.

सेक्रेटरी: क्लबहाऊस रविवारी सकाळी दहा ते एक मोकळं आहे, कार्यक्रम सोसायटीचाच असल्याने भाडं नाही. हीट गनसाठी खिडकीजवळचा पॉइंट वापरा. लहान मुलांच्या हाती ती देऊ नये ही विनंती. टेबलांवर प्लास्टिक अंथरा, मागच्या खेपेचे रंगाचे डाग अजून गेलेले नाहीत.

सी-५०३: हो, अंथरू. गन फक्त मोठ्यांकडे राहील, तिचं टोक भयंकर तापतं. आणि पावडर लावलेले टॅग डब्याच्या आत नाही ठेवायचे, बाहेरच सुतळीने बांधायचे. आत ठेवले तर चिवड्याचं तेल लागेल, आणि खाण्याशेजारी असली पावडर मला चालणारही नाही.

बी-६०४: रद्दीवाल्याला नाही म्हणून कळवलं. ट्रंक सासूबाईंच्या खोलीत हलवली. त्या म्हणाल्या, पत्रं वाचून दाखवणार असाल तर मीही रविवारी खाली येते.

सी-५०३: अगं, त्यांना आणच! अक्षर कुणाचं, कोण कुठे राहायचं, हे त्याच सांगतील. मुलांपैकी एकाने ते लिहून घ्यायचं, पत्राच्या पाकिटावर नाही, वेगळ्या कागदावर, मऊ पेन्सिलीने.

बी-२०३: मी शंभरभर टॅग कापून आणते. आमच्याकडे पेपर कटर आहे.

सी-५०३: अरे वा! मग कापायचं काम तुझ्याकडे. सेक्रेटरीसाहेब, एक विनंती. डबे वॉचमन आणि हाऊसकीपिंगच्या मंडळींना द्यायचे आहेत, तर त्यांची नावं हवीत. आडनावासकट, ते स्वतः लिहितात तशी. टॅगवर 'वॉचमन' असं लिहायचं नाहीये.

सेक्रेटरी: गेटवर हजेरीची वही आहे, पण त्यात इंग्रजीत आहेत. रात्रपाळीच्या लोकांना विचारून मराठीत लिहून घेतो. हिंदीभाषक तिघे आहेत, त्यांना नाव कसं लिहू तेही विचारतो.

ए-१०२: मी टीपकागद आणि चिमटे आणतो. तिकिटांना बोटं लावू नयेत.

सी-५०३: आणि इस्त्री माझी.