नीरा ते बारामती, डांबरी टाळून सायकलने: पाटाच्या रस्त्याची माहिती हवी

आजोळची वाट

नमस्कार मंडळी. मी हडपसरला राहते, वय ४८, सहा वर्षांपासून सायकल चालवते. मागच्या गळीत हंगामात सोलापूर रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरची मागची ट्रॉली हेलकावली आणि मी साइडपट्टीवरून खाली गेले. मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये होतं. हाड जुळलं, पण मागून हॉर्न आला की अजून हँडलवरचा हात घट्ट होतो. सायकल मात्र सोडायची नाहीये. आता ४० मिलिमीटरचे टायर असलेली ग्रॅव्हल सायकल, म्हणजे कच्च्या रस्त्यावर चालणारी, घेतली आहे.

माझं आजोळ बारामती तालुक्यात. लहानपणी मामा बैलगाडीतून पाटाच्या कडेनं न्यायचा, ते पाणी आणि तो बाभळींचा बोगदा डोळ्यांपुढे आहे. रेल्वेनं नीरा स्टेशनला उतरून नीरा नदीच्या डाव्या कालव्याच्या कडेकडेनं बारामतीपर्यंत जाता येईल का? मुक्काम मामेबहिणीकडे. दुसऱ्या दिवशी शिर्सुफळ, सुप्याकडचा माळ बघायचा आहे. एकटीच असेन. मोबाइलच्या नकाशावर सलग रेघ दिसते, तिच्यावर किती विसंबावं?

भोरकर सायकलवाला

ताई, पावसाळ्यात अजिबात नको. मी सप्टेंबरमध्ये त्याच भागात गेलो होतो. रात्री पाऊस झालेला, सकाळी लख्ख ऊन, म्हणून उतरलो. काळी माती टायरला लागत लागत फोर्कमध्ये एवढी भरली की चाक फिरेना. काठीनं उकरायची, वीस पावलं ढकलायची, परत उकरायची. दोन किलोमीटरला दीड तास लागला. थंडीत जा.

पाटकऱ्याचा पोरगा

ताई, तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. माझे वडील याच कालव्यावर पाटकरी, म्हणजे शेतांना पाणी सोडणारे कर्मचारी होते. शेजपाळी, म्हणजे एकामागून एक शेताची पाण्याची पाळी लागली की रात्री-अपरात्री चारीची (कालव्यातून शेताकडे जाणाऱ्या छोट्या पाटाची) दारं उघडायला जायचे, आणि मी त्यांच्या सायकलच्या कॅरिअरवर बॅटरी धरून बसलेला असायचो. हा रस्ता मी आधी असाच पाहिला आहे, अंधारात, पाण्याच्या आवाजावरून.

जाता येतं. नीऱ्याहून निंबूत, वडगाव निंबाळकर, कोऱ्हाळे, माळेगाव या पट्ट्यानं बारामती. डांबरीनं साधारण ४० किलोमीटर पडतं. कालव्यानं बरंच जास्त, कारण तो सरळ जात नाही. हा कालवा १८८५ च्या सुमाराचा. पाणी आपल्या वजनानं वाहायला हवं, म्हणून तो जमिनीच्या एकाच उंचीला धरून, प्रत्येक ओढ्याला आत वळसा घालून काढला आहे. तुमच्या दृष्टीनं याचा अर्थ असा की दिवसभरात चढ असा लागतच नाही. ओढ्याच्या मोरीपाशी तेवढी एखादी उतरंड.

पूर्वेला तोंड करून निघालात की डाव्या हाताला जिरायत आणि उजव्या हाताला बागायत. कालव्यापासून नदीपर्यंत ऊसच ऊस, सोमेश्वर आणि माळेगावच्या कारखान्यांचा पट्टा. आणि कालव्याच्या वरच्या अंगाला शंभर पावलांवर बाजरी, हुलगा, नाहीतर नुसतं कुसळी गवत. हा फरक डांबरीवरून गाडीतून जाताना कळतच नाही. सायकलवरून तो दिवसभर दोन्ही कोपरांशी असतो. मला वाटतं, त्या एका गोष्टीसाठी तरी हा रस्ता करावा.

आता तुमच्या रेघेचं. ती सलग दिसते, जमिनीवर तशी नाही. काही ठिकाणी भरावाचं किंवा अस्तरीकरणाचं (काठाला आतून काँक्रीट लावायचं) काम असतं, काही ठिकाणी वेडी बाभूळ दोन्हीकडून मिटलेली असते, काही तुकड्यांवर गावानंच डांबर टाकून घेतलं आहे. अडलात की पाण्यालगत घुसत बसू नका. मागच्या पुलावर या, पलीकडच्या काठाला रस्ता आहे का बघा, नाहीतर खालच्या पाणंदीनं, म्हणजे शेतांमधल्या कच्च्या वाटेनं, पुढचं गाव गाठा आणि परत वर चढा. पाणंद शोधायला मोबाइलपेक्षा जुना गाव नकाशा चांगला. त्यात दुहेरी तुटक रेघ म्हणजे गाडीवाट, एकेरी तुटक रेघ म्हणजे पायवाट. गाडीवाट धरलीत तर कुणाच्या रानातून जायची वेळ येत नाही.

माती बघायला शिका, बाकी सगळं त्यावर आहे. मुरूम असेल तर पावसानंतर चार-सहा तासांत चालण्याजोगा होतो. काळ्या रानाला दोन-तीन दिवसांचं ऊन द्यावं लागतं. आणि जिथं जमिनीवर पांढरी भुकटी दिसेल तिथं उतरून चाला. ते चोपण आहे, वर्षानुवर्षं पाणी पाजून क्षार वर आलेली जमीन. ओल असली की साबणासारखी सरकते, आणि तिथं ओल वरून दिसत नाही.

एक कळकळीची गोष्ट. आवर्तन चालू असताना, म्हणजे कालव्यात पाणी सोडलेलं असताना, ते शांत दिसतं, पण पाण्याला ओढ फार असते, आणि अस्तरीकरण झालेल्या तुकड्यात काठाला धरायला काहीच नसतं. हातपाय धुवायलासुद्धा उतरू नका. माझ्या वडिलांनी नोकरीत असताना जी माणसं बाहेर काढली, त्यांत पट्टीचे पोहणारे होते. बाटली गावात भरा. साडेपाचच्या पुढे काठावर थांबू नका.

जिरायती सुपे

दादांनी पाटाचं सांगितलं, मी वरच्या माळाचं सांगते. आमची शेती सुप्याकडे, आणि मी स्वतः साध्या सायकलवर शाळेत गेलेली आहे.

इथं पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही सगळ्या वर्षी नाही. म्हणून माळ उघडा आणि वाटा मुरमाड. सायकलला याहून चांगली जमीन नाही. पण काटा! सराटे टायरमध्ये घुसतात ते कळतसुद्धा नाही, वेडी बाभळीचा काटा तर चपलेतून आरपार जातो. टायर ट्यूबलेस करून आत सीलंट (भोक आपोआप बुजवणारा द्रव) भरूनच या. जास्तीची ट्यूब तरीही ठेवा, आणि ती घालण्याआधी टायर आतून चिंधीनं पुसा, बोटानं नाही.

मयूरेश्वर अभयारण्य सुप्याजवळच आहे. जेमतेम पाच चौरस किलोमीटर, पण चिंकारा पाहायला मिळतो. दाराशी विचारल्याशिवाय आत चाक घालू नका. बाहेरच्या गवतातही वाट सोडून नको, टिटवी आणि धाविक उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. लांडगे आहेत. ते माणूस बघून बाजूला होतात, मी तीन-चारदा पाहिले आहेत, पहाटे.

भीती बाळगायची ती कुत्र्यांची. धनगरांचा कळप दिसला की लांबूनच सायकलवरून उतरा, सायकल तुमच्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरा आणि "मामा, कुत्रं धरा हो" अशी हाक द्या. चालत्या माणसावर ती सहसा येत नाहीत, वेगानं जाणाऱ्या चाकावर येतात. कळप पुढून जाऊ द्या, मधून घुसू नका. गाभण मेंढरं असतात.

आजोळची वाट

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. ट्यूबलेसचं काम आजच दुकानात सांगून आले. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात निघायचा विचार आहे. पण दादा, तेव्हा ऊसतोड जोरात असेल ना? मला ट्रॉल्याच नको आहेत. आणि वाऱ्याचं काय, नीऱ्याहून बारामती हीच दिशा बरी का?

पाटकऱ्याचा पोरगा

दिशा बरोबर. उन्हाळ्यात वारा पश्चिमेचा असतो, तेव्हा ती फारच उपयोगी. डिसेंबरात वारा सकाळी पडलेलाच असतो. त्याची काळजी नको.

तोडीचं तुम्ही बरोबर विचारलंत. तोडणी चालू असलेलं उसाचं रान, म्हणजे फड, कालव्याखाली असला की ट्रॅक्टर पाटाच्या रस्त्यावर येतात, पण रिकामे येतात आणि भरून लगेच डांबरीला लागतात. आधी ओळखायची खूण सांगतो. वाटेवर हिरवं वाढं (उसाचे कापलेले शेंडे) सांडलेलं दिसलं आणि चाकोरी ताजी असली की पुढं फड चालू आहे. तिथं थांबा, तोडणीवाल्यांना विचारा. ती माणसं पहाटेपासून उभी असतात, पण नीट वाट सांगतात. बहुतेक वेळा एक चारी ओलांडून पलीकडून जाता येतं.

वडगावच्या अलीकडे एका मोरीवर वडाचं मोठं झाड आहे. वडील तिथं भाकरी सोडायचे, म्हणून मीही अजून तिथंच थांबतो. बसायला दगडी कठडा आहे आणि नदीपर्यंतचं सगळं रान दिसतं. त्या आठवड्यात आवर्तन आहे का आणि काम कुठं चालू आहे, ते मी कालव्याच्या चौकीवर विचारून इथंच लिहितो. तारीख पक्की झाली की सांगा.