एनडीएसाठी अकरावी-बारावी निवासी क्लासला देऊन टाकावी का?

धागाकर्ता: कृष्णाकाठ

दहावीचा निकाल लागला की आमच्या स्टाफरूमबाहेर पालक येऊन थांबतात. "सर, पोराला एनडीएत पाठवायचंय. इथं नुसतं पटावर नाव राहू दे, तो क्लासच्या हॉस्टेलला राहील." एनडीए म्हणजे खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, जिथं बारावीनंतर सैन्यदलांचे अधिकारी घडवतात. मी साताऱ्याकडे ज्युनियर कॉलेजात अठरा वर्षं इंग्रजी शिकवतोय. माझं स्पष्ट मत आहे की हे करू नये.

आधी गुणांचा हिशेब बघा. लेखी परीक्षा ९०० गुणांची. गणित ३०० आणि सामान्य क्षमता ६००, त्यात इंग्रजी २००. पुढे एसएसबी, म्हणजे सैन्यदलांच्या निवड मंडळापुढची मुलाखत आणि चाचण्या, तीही ९०० गुणांची. अलीकडच्या परीक्षांत लेखीचा कटऑफ ३०० च्या आसपास राहिलाय. अकरावी-बारावीचं गणित मनापासून केलं, इंग्रजी रोज वाचलं, नववी-दहावीचं विज्ञान आणि भूगोल विसरला नाहीत, तर हा आकडा घरी राहूनही गाठता येतो. शिवाय संधी एकच नसते. यूपीएससी वर्षातून दोनदा परीक्षा घेते. बारावीत असताना एक, बारावी झाल्यावर दुसरी, आणि साडेएकोणीसच्या आत बसत असाल तर त्यापुढेही.

खरी गाळणी एसएसबीत लागते. पाच दिवस. पहिल्याच दिवशी अंधूक चित्रावर गोष्ट लिहायची, ती गटासमोर सांगायची, चर्चा करायची. त्या संध्याकाळी बहुतेक मुलं बॅगा घेऊन स्टेशनवर असतात. जे राहतात त्यांना एकेका शब्दाला पंधरा सेकंद असे साठ शब्द, अर्ध्या तासात साठ प्रसंग, मग मैदानावर फळ्या, दोर आणि ड्रम घेऊन गटाची कामं. मुलाखतीत नववीपासूनचा सगळा जीवनक्रम विचारतात. गुण किती, मित्र कोण, घरात काय करतोस, खर्चाला मिळालेले पैसे कशावर उडवलेस.

माझा भाचा दोन वर्षं अशा हॉस्टेलवर होता. लेखीत दोन्ही वेळा पास झाला. पहिल्यांदा भोपाळला पहिल्याच दिवशी स्क्रीन आऊट. दुसऱ्यांदा पाचही दिवस टिकला आणि शेवटच्या कॉन्फरन्सनंतर त्याचा चेस्ट नंबर पुकारला गेला नाही, म्हणजे निवड झाली नाही. परत आल्यावर त्याने सांगितलेलं माझ्या डोक्यातून जात नाही. "मामा, त्यांनी विचारलं, गेल्या दोन वर्षांत तुझ्या भरवशावर काय चाललं होतं? मला काहीच आठवलं नाही." पाचला उठवायला शिट्टी, जेवायला घंटा, अभ्यासाला पर्यवेक्षक. सतराव्या वर्षी त्याने एकही निर्णय स्वतः घेतला नव्हता, आणि ज्या माणसांना तो भेटायला गेला होता ती नेमकं तेच शोधत होती.

म्हणून मी सांगतो, मुलगा घरी ठेवा. कॉलेजात हजर राहू द्या. कबड्डी, फुटबॉल, काहीही चालेल पण संघाचा खेळ खेळू द्या. एनसीसी असेल तर घ्या. आणि घरातलं एक काम पूर्ण त्याच्यावर सोडा, चुकलं तरी.

पारनेरची वाट

सर, तुमचं म्हणणं ज्याच्या गावात शिकवणारं कॉलेज आहे त्याच्यासाठी बरोबर आहे.

आमच्याकडे अकरावीला गणिताचा तास वर्षभर झाला नाही. शिक्षकच नव्हते. ३०० चा कटऑफ तुम्हाला सोपा वाटतो. माझ्या मुलाने क्लासला जायच्या आधी जुना पेपर सोडवला, गणितात ३०० पैकी ४१ पडले, कारण चुकलेल्या उत्तराचे गुण कापले जातात. लेखीतच पास झाला नाही तर तुमचं ते पाच दिवसांचं मैदान त्याला बघायलाही मिळत नाही.

संभाजीनगरच्या एसपीआयची परीक्षाही दिली होती. एनडीएची तयारी करून घेणारी सरकारी संस्था, १९७७ पासून चालू आहे, तिथं लागला असता तर मी कशाला क्लास शोधला असता? मुलाखतीपर्यंत गेला आणि तिथं अडला. जागा मोजक्या, राज्यभरातून मुलं. सातारचं सैनिक स्कूल सहावीला आणि नववीला घेतं, आणि आम्हाला हे सगळं कळलं तेव्हा पोरगा दहावीत होता. तुमच्या जिल्ह्यात १९६१ पासून देशातलं पहिलं सैनिक स्कूल आहे, तिथल्या लहान पोरालाही एनडीए माहीत असते. आमच्या गावातून शिपाई म्हणून भरती झालेले वीस-पंचवीस निघतील. अधिकारी एकही नाही.

पतसंस्थेचं कर्ज काढून फी भरली. आता गणितात १३०-१४० येतात.

आणि जबाबदारीचं म्हणाल तर ती आमच्या पोरांना वेगळी शिकवावी लागत नाही. पाण्याची पाळी रात्री दोनला आली की तोच उठून मोटर चालू करायला जायचा. बिबट्याच्या भीतीने हातात बॅटरी आणि काठी. फक्त ते इंग्रजीत सांगता येत नाही त्याला.

सुभेदार निवृत्त

दोघांनाही एक सांगतो. क्लास लावायचा की नाही हे ठरवण्याआधी पोराची तपासणी करून घ्या. डोळे, रंगदृष्टी, कान, दात, सपाट तळवे, एकमेकांना घासणारे गुडघे. लष्करी इस्पितळात काम केलेला डॉक्टर ओळखीत असेल तर त्याच्याकडून. आमच्या तालुक्यातला एक मुलगा दोन वर्षं क्लास करून एसएसबीत रेकमेंड झाला, म्हणजे निवडला गेला. वैमानिकच व्हायचं होतं. मेडिकलला रंगदृष्टीत गेला. ही तपासणी दहावीच्या सुट्टीत झाली असती, तासाभराचं काम. काही दोष वेळेत कळले तर उपचाराने दुरुस्त होतात, रंगदृष्टी होत नाही.

धावण्याचं पण सांगतो. अकरावीचं पोर पहिल्याच महिन्यात डांबरी रस्त्यावर रोज दहा किलोमीटर पळवू नका. नडगीची हाडं दुखायला लागतात, मग तीन महिने बसून राहतं. मातीत पळवा, हळूहळू वाढवा.

रानजाई

कृष्णाकाठ सर, तुमच्या लेखात सगळीकडे "मुलगा" आहे. माझी मुलगी अकरावीत आहे.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलींना परीक्षेला बसू द्या म्हणून अंतरिम आदेश दिला, २०२२ ला पहिल्या मुली खडकवासल्याला गेल्या आणि ३० मे २०२५ ला त्यांतल्या सतरा जणी पास आऊट झाल्या. मी आणि लेकीने ते संचलन टीव्हीवर बघितलं. ती काही बोलली नाही, दुसऱ्या दिवशी पहाटे बूट घालून उभी राहिली.

पण तालुक्याच्या गावात पहाटे पाचला एकट्या मुलीला मैदानावर कसं सोडू? दोन महिने मी स्कूटीवरून मागे मागे जायचे. घरी राहून संघाचा खेळ खेळा म्हणता, आमच्याकडे मुलींचा संघच नाही. नाशिकला मुलींची एसपीआय २०२३ पासून सुरू झाली ही फार चांगली गोष्ट आहे, पण तीही एकच. आम्ही शेवटी निवासी क्लास निवडला तो गणितासाठी नव्हे. तिथे तिच्यासारख्याच अकरा मुली आहेत. आता ती कुणासोबत तरी पळते. हे मी घरी कुठून आणलं असतं?

आणि हो, निर्णय घेण्याचं म्हणाल तर घर सोडून जायचा निर्णय तिचा होता. आमच्या घरातले चार मोठे विरोधात असताना तिने तो घेतला.

चेस्ट नंबर १४

तीनदा एसएसबी केली, एकदाही रेकमेंड नाही. आता इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, पुढे सीडीएस आणि एएफकॅट या पदवीनंतर अधिकारी होण्याच्या परीक्षा देणार.

क्लासचा लेखीसाठी मला फायदा झाला, नाकारत नाही. नुकसान झालं ते एसएसबीच्या "तयारी"ने. शब्द आला की कुठलं वाक्य लिहायचं, प्रसंग आला की नायकाने काय करायचं, सगळं पाठ करून घेतलं होतं. माझ्या गटात त्याच क्लासचे आम्ही तिघं होतो आणि बाहेर आल्यावर कळलं की आमची उत्तरं जवळपास सारखी होती. मानसशास्त्रज्ञाला ते कळलं नसेल का?

पारनेरची वाट, काका, मुलाला गणितासाठी तिथे ठेवा. एसएसबीचं पॅकेज मात्र घेऊ नका. आणि बारावीच्या गुणांकडे दुर्लक्ष होऊ देऊ नका. एसएसबीत रेकमेंड होऊन, मेडिकल पास होऊनही मेरिट लिस्टमध्ये नाव न आलेले दोन मित्र आहेत माझे. त्यांना पुढच्या प्रवेशासाठी तेच गुण कामाला आले.

कृष्णाकाठ

रानजाई ताई, तुमचं म्हणणं मला मान्य करावं लागेल. मी मुलांच्या अनुभवावरून लिहिलं. मुलींना मैदान आणि सोबत मिळत नाही, हा आम्हा कॉलेजवाल्यांचा दोष आहे. पुढच्या वर्षी आमच्याकडे मुलींची पहाटेची तुकडी सुरू करण्याचं बोलणं मी प्राचार्यांकडे काढतो. माझ्या मूळ मुद्द्यावर मी अजूनही आहे. शिकवणारं कॉलेज जवळ असताना खोट्या हजेरीवर मुलगा बाहेर पाठवणं चूकच.

पारनेरची वाट, तुमच्या तालुक्यातल्या परिस्थितीत मी असतो तर मीही कर्ज काढलं असतं. पण मोटरीचं तुम्ही जे लिहिलंय, ते तुमच्या मुलाला सांगता यायला हवं. भाच्याला जो प्रश्न विचारला त्याचं उत्तर तुमच्या मुलाकडे आहे. व्याकरण चुकलं तरी चालेल, गोष्ट त्याची हवी. आठवड्यातून एकदा फोनवर अर्धा तास मी त्याच्याशी इंग्रजीतून बोलेन, पैसे वगैरे काही नाही. सुरुवात पाण्याच्या पाळीपासूनच करू.

पारनेरची वाट

सर, हॉस्टेलच्या मुलांना रविवारी चार ते साडेपाच फोन मिळतो. नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवला आहे. तो लाजेल पहिल्यांदा, फोन ठेवू नका.