डेप्थ साइनिंगमुळे ५ फूट ९ इंचांच्या बचावपटूची वाट अडते का?

निळी रेषा यांचा प्रश्न

नमस्कार. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगमधील ज्या संघाचे सामने मी नियमितपणे पाहतो, त्या संघाने १ जुलैला मुक्त खेळाडूंचा बाजार उघडताच तीन बचावपटूंशी करार केले. तिघेही तिशीच्या आसपासचे आणि सहा फूट दोन इंचांहून उंच असून तिघांचेही करार एकेका वर्षाचे आहेत. त्यांपैकी दोघांचे करार टू-वे, म्हणजे एनएचएलमध्ये एक आणि तिच्या खालच्या एएचएल लीगमध्ये दुसरे मानधन देणारे आहेत. तिसऱ्याचा करार वन-वे, म्हणजे दोन्हीकडे तेच मानधन देणारा आहे. यांतला एकही पहिल्या चार बचावपटूंत खेळणार नाही, हे उघड आहे; ही डेप्थ साइनिंग, म्हणजे राखीव बळासाठी केलेले करार आहेत.

माझा प्रश्न मात्र चौथ्याच खेळाडूविषयी आहे. संघाकडे ५ फूट ९ इंच उंचीचा, डाव्या हाताने खेळणारा एक तरुण बचावपटू आहे. महाविद्यालयीन हॉकीतून बाहेर पडताना एकविसाव्या वर्षी त्याने तीन वर्षांचा एंट्री-लेव्हल, म्हणजे नवोदिताचा पहिला करार केला आणि गेला संपूर्ण मोसम तो एएचएलमध्ये खेळला. पॉवर प्लेची (प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असतानाच्या खेळाची) सूत्रे तिथे त्याच्याकडेच होती, आणि ब्लू लाइनवरून, म्हणजे आक्रमण क्षेत्राच्या कडेच्या निळ्या रेषेवरून, आडवे सरकत समोरच्या बचावात फट पाडण्याची त्याची हातोटी पाहण्यासारखी आहे. पण स्वतःच्या गोलसमोर एखादा दांडगा फॉरवर्ड ठाण मांडून उभा राहिला, की त्याला हलवणे या मुलाला जमत नाही, हेही मी वारंवार पाहिले आहे.

व्यवस्थापनाने त्याच्याच रांगेत तीन उंच खेळाडू उभे केले, याचा अर्थ त्याच्यावरचा विश्वास उडाला असा घ्यावा का? आणि एएचएलमध्येही या अनुभवी मंडळींमुळे त्याच्या वाट्याची मिनिटे कमी होतील का?

तिसरी जोडी यांचे उत्तर

विश्वास उडाला असे मला वाटत नाही. किंबहुना हे करार त्या मुलाच्या हिताचे आहेत असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण संघरचनेच्या गणितात आहे.

मोसमाच्या बहुतेक काळात संघात जास्तीत जास्त २३ खेळाडू ठेवता येतात. सामन्याला त्यांतले २० उतरतात आणि बहुतेक प्रशिक्षक त्यांत सहाच बचावपटू, म्हणजे तीन जोड्या घेतात. सातवा आणि असल्यास आठवा बचावपटू वरच्या मजल्यावर बसून सामना पाहतो. जुलैमधले असे करार या सातव्या-आठव्या जागेसाठी असतात, आणि एएचएलमधून ऐन वेळी बोलावता येतील असे एक-दोन जाणते खेळाडू हवे असतात म्हणूनही केले जातात. सातव्या माणसाचे काम फार अवघड असते. तीन-तीन आठवडे एकही सामना न खेळता सराव करायचा आणि मग अचानक एका रात्री दहा-बारा मिनिटे बिनचूक खेळून दाखवायचे. तिशीतल्या माणसाला ते साधते. बावीस वर्षांच्या मुलाला त्या जागेवर बसवले, तर त्याचे एक वर्ष फुकट जाते. म्हणून त्या जागेसाठी दुसरे कोणी आणणे, ही मुलाची काळजी घेण्याचीच एक रीत आहे.

खरी अडचण वेगळी आहे आणि ती मला या करारांपेक्षा कितीतरी मोठी वाटते. तिसऱ्या जोडीकडून प्रशिक्षकाला हवे असते ते पेनल्टी किल (शिक्षेमुळे एक खेळाडू कमी असतानाचा बचाव), शॉट अडवणे आणि गोलसमोरची धक्काबुक्की. पॉवर प्लेची मिनिटे तिच्या वाट्याला क्वचितच येतात. उंच आणि मध्यम कुवतीचा बचावपटू या कामातून आत शिरतो आणि हळूहळू वर सरकतो. कमी उंचीच्या, आक्रमक वळणाच्या बचावपटूसाठी शिडीची ही खालची पायरीच गायब असते, त्यामुळे त्याला थेट पहिल्या चौघांत उडी मारावी लागते.

ती संधी कशी येते, याची दोन उदाहरणे देतो. बोस्टनने २०१२ मध्ये टोरी क्रुगशी करार केला. तो ५ फूट ९ इंचांचा होता आणि ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी तरुण खेळाडूंचे हक्क आळीपाळीने निवडण्याच्या प्रक्रियेत, त्याला कोणत्याही संघाने निवडले नव्हते. पुढच्या एप्रिलमध्ये त्याच संघाने वेड रेडन या अनुभवी बचावपटूला खास डेप्थ म्हणून आणले. प्लेऑफमध्ये सायडेनबर्ग, फेरेन्स आणि स्वतः रेडन असे तिघे एकाच वेळी जायबंदी झाले, क्रुगला प्रॉव्हिडन्स या बोस्टनच्या एएचएल संघातून बोलावले गेले, आणि न्यूयॉर्क रेंजर्सविरुद्धच्या पाच सामन्यांत त्याने चार गोल केले. त्यानंतर त्याला खाली पाठवण्याचा प्रश्नच उरला नाही.

दुसरे उदाहरण बरोबर उलट आहे. २०२२ च्या प्लेऑफमध्ये सेंट लुईसविरुद्ध एका धडकेत कोलोरॅडोच्या ५ फूट १० इंचांच्या सॅम्युअल जिरार्डच्या छातीचे हाड मोडले. त्याच्या जागी आलेला जॅक जॉन्सन आदल्या शरद ऋतूत केवळ चाचणीसाठी शिबिरात आला होता आणि तिथून त्याने एका वर्षाचा करार मिळवला होता. संघाने स्टॅन्ली कप, म्हणजे लीगचे विजेतेपद जिंकेपर्यंत तो त्या जागी खेळला. डेप्थ साइनिंगकडे मी या नजरेने पाहतो. एकाच संघाला वर्षभरात दोन्ही प्रकारचे बचावपटू लागतात.

बर्फाची धार यांचे उत्तर

वरच्या प्रतिसादातले गणित मला मान्य आहे. पण कमी उंचीच्या बचावपटूला पॉवर प्लेचाच आधार असतो, हे गृहीतक मला पटत नाही. गोलसमोरून मोठ्या फॉरवर्डला हलवता येत नाही, हा दोष आपण नोंदवला आहे आणि तो खराच आहे. तरीही बचावपटूचे बहुतेक बरेवाईट गोलसमोर ठरत नाही. ते ठरते कोपऱ्यात, आणि तेही दोन-तीन सेकंदांत.

पुढच्या वेळी त्याचा सामना पाहाल तेव्हा एक गोष्ट पाहावी. प्रतिस्पर्ध्याने पक (खेळाची रबरी चकती) कोपऱ्यात टाकला आणि हा मुलगा पाठमोरा होऊन त्याच्यामागे निघाला, की पकपर्यंत पोहोचण्याआधी तो खांद्यावरून किती वेळा मागे पाहतो? जाणता बचावपटू किमान दोनदा पाहतो. पहिल्या नजरेत फोरचेकर, म्हणजे पक हिसकावायला मागून धावून येणारा प्रतिस्पर्धी, किती अंतरावर आहे हे कळते. दुसऱ्या नजरेत तो कोणत्या बाजूने येतो आहे आणि आपला जोडीदार कुठे उभा आहे हे कळते. मग शेवटच्या दोन पावलांत तो एका बाजूला वळण्याची हूल देतो, फोरचेकरचा भार त्या बाजूला गेला की स्केटच्या आतल्या धारेवर उलट फिरतो, आणि पक गोलच्या मागून जोडीदाराकडे किंवा सरळ मध्यभागी सेंटरकडे निघून जातो. धक्का खाण्याचा प्रसंगच येत नाही, आणि गोलसमोर कुस्ती करण्याचाही येत नाही, कारण प्रतिस्पर्धी आपल्या क्षेत्रात स्थिरावलेलाच नसतो. ज्याला हे दहापैकी आठ वेळा जमते, त्याची उंची प्रशिक्षक विसरतो. ज्याला सहाच वेळा जमते, त्याची उंची मात्र प्रत्येक चुकीनंतर चर्चेत येते, आणि ही तफावत अन्यायाची असली तरी खरी आहे.

हे कौशल्य आज इतके मोलाचे का झाले, तेही सांगायला हवे. मालक आणि खेळाडूंच्या वादातून झालेल्या टाळेबंदीमुळे २००४-०५ चा संपूर्ण मोसम रद्द झाला आणि त्यानंतर नियम बदलले. दोन रेषा ओलांडणाऱ्या पासवरची बंदी उठली, काठीने अडकवणे आणि धरून ठेवणे यांवर पंच कडक झाले, आणि गोलरेषेच्या मागे आखलेल्या समलंब चौकोनाबाहेर पक खेळण्यास गोलरक्षकाला मनाई झाली. या शेवटच्या नियमामुळे कोपऱ्यातला पक आणण्याचे ओझे पूर्णपणे बचावपटूवर आले, तर पहिल्या दोन नियमांमुळे तो पक झटकन आणि लांब देणाऱ्याची किंमत वाढली. पूर्वीही ब्रायन राफाल्स्कीसारखा ५ फूट १० इंचांचा खेळाडू होताच. ड्राफ्टमध्ये न निवडला गेलेला हा बचावपटू स्वीडन आणि फिनलंडमध्ये चार मोसम घालवून १९९९ मध्ये न्यू जर्सीत आला आणि पुढे त्याने तीन स्टॅन्ली कप जिंकले. पण त्याच्या काळात तो अपवाद होता.

तुलनेसाठी लोक हल्ली लेन हटसनचे नाव घेतात. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये तो ६२ व्या क्रमांकापर्यंत घसरला, आणि २०२४-२५ मध्ये माँट्रिऑलसाठी पहिल्याच पूर्ण मोसमात ६६ गुण मिळवून त्याने सर्वोत्तम नवोदिताचे काल्डर पारितोषिक जिंकले. माझी विनंती आहे की त्याला मापदंड करू नये. तशी दृष्टी आणि तसे हात फार थोड्यांना लाभतात. आपल्या खेळाडूसाठी जॅरेड स्पर्जनचा खेळ अभ्यासावा. न्यूयॉर्क आयलंडर्सने २००८ मध्ये त्याला सहाव्या फेरीत निवडले, पण त्याच्याशी करार केला नाही. २०१० मध्ये तो मिनेसोटाच्या शिबिरात चाचणीसाठी गेला, तिथे करार मिळवला, त्याच मोसमात एनएचएलमध्ये खेळू लागला आणि जानेवारी २०२१ मध्ये त्या संघाचा कर्णधार झाला. उंची तीच, ५ फूट ९ इंच. तो अंगाने भिडत नाही. पक फॉरवर्डपर्यंत पोहोचण्याच्या क्षणी तो त्याची काठी उचलतो किंवा बाजूला सारतो, आणि हे इतके स्वच्छपणे करतो की सभ्य खेळासाठी दिल्या जाणाऱ्या लेडी बिंग पारितोषिकाच्या अंतिम तिघांत त्याचे नाव आले होते. गोलसमोर उभ्या असलेल्या माणसाला हलवता आले नाही तरी त्याची काठी बांधून ठेवता येते, आणि ही गोष्ट बावीसाव्या वर्षी नक्कीच शिकता येते.

निळी रेषा

दोघांचेही आभार. खांद्यावरून मागे पाहण्याचा मुद्दा मी कधी लक्षात घेतला नव्हता. एक उपप्रश्न आहे. स्पर्जन आणि राफाल्स्की हे दोघेही उजव्या हाताचे आहेत. आमचा मुलगा डावखुरा आहे, आणि नव्याने आणलेल्या तिघांपैकी दोघे डावखुरेच आहेत. याचा किती फरक पडतो?

जुलैचा बाजार यांचे उत्तर

फरक पडतो. लीगमध्ये डावखुरे बचावपटू मुबलक आणि उजवे दुर्मीळ आहेत, आणि बहुतेक प्रशिक्षकांना प्रत्येक जोडीत एक डावा व एक उजवा हवा असतो. उजव्या हाताच्या छोट्या बचावपटूची उणीव संघ थोडी अधिक काळ सहन करतो. पण क्रुग, जिरार्ड, हटसन आणि व्हँकुव्हरकडून खेळताना २०२४ मध्ये सर्वोत्तम बचावपटूचे नॉरिस पारितोषिक मिळवणारा क्विन ह्यूज हे सगळे डावखुरेच आहेत, तेव्हा दार बंद आहे असे म्हणता येणार नाही.

मला अधिक महत्त्वाची वाटते ती कराराची बाजू, कारण सप्टेंबरमध्ये जे घडेल त्याचा अर्थ तिच्यावाचून लागणार नाही. एकविसाव्या वर्षी करार केलेल्या खेळाडूला तीन वर्षे किंवा एनएचएलचे ८० सामने, यांपैकी जे आधी होईल तोपर्यंत वेव्हर्समधून, म्हणजे खाली पाठवण्याआधी खेळाडू इतर संघांना देऊ करण्याच्या अटीतून, सूट असते. म्हणजे आपल्या मुलाला अजून दोन मोसम कितीही वेळा खाली-वर करता येईल आणि दुसरा कोणताही संघ त्याला उचलू शकणार नाही. अनुभवी तिघांचे तसे नाही. त्यांना खाली पाठवायचे तर वेव्हर्सवर ठेवावे लागते, आणि इतर ३१ संघांपैकी कोणीही त्यांच्यावर हक्क सांगू शकतो. त्यामुळे शिबिरात मुलगा त्या तिघांहून सरस खेळला, तरी पहिल्यांदा खाली जाणाऱ्यांत त्याचे नाव असण्याची शक्यता मोठी आहे. तो निकाल त्याच्या खेळावरचा नसेल. व्यवस्थापन फक्त फुकट मिळणारी सवलत वापरत असेल.

वन-वे करारानेही घाबरून जाऊ नये. २०२५-२६ मध्ये लीगचे किमान मानधन ७ लाख ७५ हजार डॉलर होते, आणि एएचएलमध्ये पाठवलेल्या खेळाडूच्या मानधनातला ११ लाख ५० हजार डॉलरपर्यंतचा भाग सॅलरी कॅपमध्ये, म्हणजे संघाच्या एकूण मानधनावरच्या मर्यादेत, धरला जात नव्हता. किमान मानधनाच्या आसपासचा वन-वे करार म्हणूनच संघाचे हात बांधत नाही. त्या खेळाडूला खाली पाठवले तर कॅपवर त्याचा काहीच भार राहत नाही, मालकाला पैसे तेवढे द्यावे लागतात.

एएचएलमधल्या मिनिटांविषयी आपण विचारले होते. त्या लीगमध्ये एका सामन्यात किती अनुभवी खेळाडू उतरवायचे यावरच मर्यादा आहे, त्यामुळे तिघे एकदम येऊन मुलाला बाकावर बसवतील अशी शक्यता कमी आहे. उलट त्यांतला एखादा उजव्या हाताचा, शांत डोक्याचा माणूस त्याच्या जोडीला लावला, तर तो या मोसमातला सर्वांत उपयोगी करार ठरेल.

काळजी करायचीच असेल तर ती तिसऱ्या वर्षाची करावी. तेव्हा वेव्हर्सची सूट संपेल आणि एंट्री-लेव्हल करारही संपेल. त्यानंतर वयाच्या पंचविशीपर्यंत तीन व्यावसायिक मोसम होऊनही त्याचे एनएचएलचे ८० सामने भरले नसतील, तर ग्रुप सहाच्या नियमाने तो पूर्णपणे मुक्त खेळाडू होऊन कोणत्याही संघाकडे जाऊ शकेल. संघाला या दोन्ही तारखा पाठ असतात. म्हणून दुसऱ्या मोसमाच्या उत्तरार्धात संघाने त्याला वर बोलावले नाही, तर मात्र मी आपली शंका रास्त मानेन.

तोपर्यंत एकाच खुणेकडे लक्ष ठेवावे. एएचएलच्या सामन्यात एका गोलची आघाडी असताना, शेवटच्या दोन मिनिटांत स्वतःच्या क्षेत्रात फेसऑफ (दोन खेळाडूंमध्ये पक टाकून खेळ पुन्हा सुरू करणे) असेल, तेव्हा प्रशिक्षक त्याला बर्फावर पाठवतो की बाकावर ठेवतो, हे पाहावे. गेल्या मोसमात तो अशा वेळी बाकावर असेल आणि या डिसेंबरपर्यंत बर्फावर दिसू लागला, तर त्याच्या प्रगतीची याहून भरवशाची खूण आपल्याला बाहेरून मिळणार नाही.