ब्लूटूथची जोडणी अडली तेव्हा: तुमचे अनुभव लिहा

परवा घरच्या संगणकाला हेडफोन जोडण्यात माझे दोन तास गेले. यादीत नाव दिसत होतं, पुढे 'पेअर्ड' असंही लिहिलेलं, पण 'कनेक्ट' दाबलं की चक्र फिरायचं आणि थांबायचं. बऱ्याच खटपटीनंतर उलगडा झाला. पहिल्यांदा जोडताना दोन्ही उपकरणं मिळून एक गुप्त किल्ली ठरवतात आणि आपापल्याकडे जपून ठेवतात. मी मध्यंतरी हेडफोन रीसेट केले होते. त्यांच्याकडची किल्ली पुसली गेली आणि संगणक मात्र जुनीच पुढे करत राहिला. विंडोजमध्ये 'रिमूव्ह डिव्हाइस' केलं, दिवा भराभर लुकलुकेपर्यंत हेडफोनचं बटण दाबून धरलं, आणि लगेच जुळलं. हे आधी माहीत असतं तर एक अख्खी संध्याकाळ वाचली असती. तुमचं काय अडलं, कशाने सुटलं, जरूर लिहा. न चाललेले उपायही सांगा, तेही कुणाला तरी उपयोगी पडतात.

* * *

माझीही गोष्ट किल्लीचीच. एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही. लिनक्समध्ये कीबोर्ड जोडला की विंडोजमधला तुटायचा, तिकडे जोडला की इकडचा. संगणकातल्या ब्लूटूथ ॲडाप्टरचा (ब्लूटूथ चालवणाऱ्या भागाचा) पत्ता दोन्हीकडे एकच, त्यामुळे कीबोर्डच्या लेखी तो एकच संगणक. शेवटची किल्ली तेवढी तो खरी मानतो. आधी लिनक्समध्ये जोडला, मग विंडोजमध्ये, आणि विंडोजच्या रजिस्ट्रीतली (विंडोज आपली सेटिंगं जिथे साठवतं तिथली) किल्ली लिनक्सच्या ब्लूटूथ फाइलीत उतरवली. काम किचकट आहे, पण त्यानंतर एकदाही तुटलेला नाही.

* * *

आईला नवा कीबोर्ड जोडून देत होते. पडद्यावर सहा आकडे आले, ते आम्ही जुन्या कीबोर्डवर टाइप करत होतो. ते नव्या कीबोर्डवरच टाइप करून एंटर दाबायचं असतं.

* * *

माऊससाठीचं ब्लूटूथ डोंगल (यूएसबीत खोचायचा छोटा तुकडा) मागच्या निळ्या यूएसबी पोर्टात होतं, शेजारच्याच पोर्टात बाहेरची हार्ड डिस्क. डिस्कवर फाइली कॉपी व्हायला लागल्या की माऊस अडखळायचा, कॉपी संपली की सुरळीत. मी ड्रायव्हर तीनदा टाकले, माऊसचा सेल बदलला, काही फरक नाही. ब्लूटूथ चालतं २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात, आणि यूएसबी ३.० ची डिस्क आणि तिची केबल नेमका त्याच पट्ट्यात गोंगाट करते. इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर टिपणच काढलं होतं. हातभर लांबीची एक्स्टेन्शन केबल लावून डोंगल टेबलावर आणलं, आणि त्या दिवसापासून माऊस लोण्यासारखा फिरतोय. वायरलेस वस्तू 'मध्येच तुटते' अशी तक्रार असेल तर सेटिंगांत शिरण्याआधी डोंगल कुठे खोचलंय ते बघा, असं मी आता सगळ्यांना सांगतो.

* * *

जागेचाच मुद्दा. आमच्या डेस्कटॉपवर हेडफोन टेबलापाशी चालायचे, खुर्ची मागे सरकवली की बंद. मदरबोर्डवर वायफाय आणि ब्लूटूथचं कार्ड एकच असतं आणि अँटेनाही सामाईक. तो अँटेना खोक्यातल्या पिशवीतच राहिला होता. मागे पिळून बसवला, आता शेजारच्या खोलीतही ऐकू येतं.

* * *

ब्लूटूथचं बटणच सेटिंगांतून गायब झालं होतं. रीस्टार्ट करून उपयोग झाला नाही. संगणक बंद असला तरी मदरबोर्डला थोडा वीजपुरवठा चालू राहतो, त्यामुळे अडकलेलं कार्ड अडकलेलंच राहतं. बंद करून प्लग काढला, पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरलं, दोन मिनिटं थांबून चालू केला. बटण परत आलं.

* * *

विंडोज ११ मध्ये माझा जुना स्पीकर शोधात येतच नव्हता. ब्लूटूथच्या सेटिंगांत 'डिव्हाइसेस डिस्कव्हरी' नावाचा पर्याय आहे, तो 'डिफॉल्ट'वरून 'ॲडव्हान्स्ड'वर नेला आणि दिसला. आणि हो, शोधण्याआधी फोनचं ब्लूटूथ बंद करा. स्पीकर चालू होताच फोनला चिकटला, तर संगणकाला तो सापडणार कुठून?