थोरलीचं घर, धाकटीचे कष्ट: कार्पाथोसला ‘स्त्रीराज्य’ म्हणावं का?

वैजयंती (धागाकर्ती)

कार्पाथोस या ग्रीक बेटाबद्दल प्रवासवर्णनांतून आणि चित्रफितींतून हल्ली एक वाक्य सारखं कानावर येतं: ‘इथे बायकांचं राज्य आहे.’ उत्तरेच्या ओलिम्पोस गावातल्या बायकांचा भरतकामाचा पोशाख, पायातले बकऱ्याच्या कातड्याचे उंच बूट, गल्लीतल्या भट्टीत भाजलेले पाव आणि घर आईकडून मुलीकडे जातं ही माहिती, एवढ्या भांडवलावर हा निष्कर्ष काढला जातो. मला तो अजिबात मान्य नाही.

आधी पद्धत नीट सांगते. कार्पाथोस हे रोड्स आणि क्रीट यांच्या मध्ये असलेलं लांबट, डोंगराळ बेट. तिथे लग्न झालं तरी नवरा-बायकोची मालमत्ता एक होत नसे. आईची आईकडे, बापाची बापाकडे. आईकडचं घर, शेतं, झाडं, सोन्याची नाणी हे सगळं पहिल्या मुलीला मिळे. बापाकडचं पहिल्या मुलाला. या थोरलीला तिथे ‘कानाकारा’ म्हणतात आणि थोरल्याला ‘कानाकारिस’. नावंही त्याच रांगेनं ठेवायची: थोरलीला आईच्या आईचं, थोरल्याला बापाच्या बापाचं. सणाच्या दिवशी कानाकारा छातीभर सोन्याच्या नाण्यांचे सर घालून नाचात उभी राही आणि तिच्या वाट्याला काय येणार आहे ते साऱ्या गावाला दिसे. तिचं लग्न झालं की आईबाप घर तिच्या हवाली करून स्वतः एखाद्या लहानशा जागेत जात. नवरा तिच्या घरी राहायला येई, आपल्याकडच्या घरजावयासारखा, फक्त त्यात कमीपणा कुणी मानत नसे.

इथपर्यंत वाचलं की छान वाटतं. पण दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या मुलीचं काय? घर नाही म्हणून स्थळ नाही, आणि स्थळ नाही म्हणून त्या आयुष्यभर थोरल्या बहिणीच्या शेतात नि चुलीपाशी बिनपगारी राबल्या. धाकटे मुलगे निदान होडीत बसून बाहेर पडत, सुतार-गवंडी म्हणून आशिया मायनरला आणि पुढे अमेरिकेला. धाकट्या बहिणींना ती वाट फार उशिरा सापडली. सख्खी बहीणच मालकीण होते अशा व्यवस्थेला मी स्त्रीराज्य म्हणणार नाही. ही जमीन अखंड ठेवण्याची रीत होती आणि तिची किंमत बायकांपैकीच बहुसंख्य बायकांनी मोजली.

तुम्हाला काय वाटतं?

शमी

‘स्त्रीराज्य’ हा शब्द मीही वापरणार नाही. पण तुम्ही तो खोडून काढता काढता त्यामागचं खरं वेगळेपणही पुसून टाकलंत, त्याला माझा विरोध आहे.

तुलना ग्रीसमध्येच करून बघा. एपिरसच्या डोंगरात शेळ्यामेंढ्या राखणाऱ्या साराकात्सानी समाजात नवी सून सासरच्या झोपडीत येई आणि सगळ्यात खालच्या पायरीवर बसे. कळप मुलग्यांचे, मान सासूसासऱ्यांचा. माहेर तुटलेलं. आता ओलिम्पोसची बाई बघा. ती जन्मली त्याच घरात किंवा त्याच्या शेजारी तिचं आयुष्य जातं. भिंतीपलीकडे आई, दोन उंबरे सोडून मावशी. नवराच तिथे परका. भांडण विकोपाला गेलं तर घर कुणी सोडायचं, या प्रश्नाचं उत्तर तिथे आपोआप बदलतं.

आणि काळ लक्षात घ्या. ग्रीसमध्ये बायकांना संसदेच्या निवडणुकीत मतदानाचा पूर्ण हक्क १९५२ साली मिळाला. नवरा हा कुटुंबप्रमुख, हे कलम ग्रीक नागरी संहितेतून १९८३ पर्यंत हललं नव्हतं. त्याच्या कितीतरी आधीपासून या बेटावर बाईची मिळकत वेगळी धरली जात होती आणि ती तिच्या मुलीकडे जाणार हे ठरलेलं होतं. धाकटीवर अन्याय झाला, हे खरंच. पण जिथे थोरली-धाकटी दोघींनाही काहीच मिळत नव्हतं, तिथली मोजपट्टी तुम्ही का लावत नाही?

सागरमित्र

मी वैजयंतींच्या बाजूचाही नाही आणि शमींच्याही. तुम्ही दोघी माणसांकडे बघताय, मला आधी जमिनीकडे बघावंसं वाटतं.

काली लिम्नी हा कार्पाथोसचा सर्वोच्च डोंगर १२१५ मीटरचा. उत्तर भाग तर उतारच उतार. ओलिम्पोसचं धान्य पिकायचं ते पायऱ्यापायऱ्यांच्या वाफ्यांत आणि आव्लोनाच्या पठारावर. आव्लोना म्हणजे गावापासून दूर वसवलेली शेतीची वस्ती. पेरणी-कापणीच्या दिवसांत कुटुंबंच्या कुटुंबं तिथे मुक्कामाला जात, तिथेच त्यांची खळी. जव, थोडा गहू, पाऊस बेभरवशाचा. अशी शेती चार मुलांत वाटली की एका पिढीत चौघंही उपाशी. शिवाय ऑटोमन काळात या बेटांकडून दौलतीला ठरावीक एकरकमी कर जाई आणि बाकी कारभार गावचे वडीलधारे बघत. कर भरणारी घरं बुडाली तर बोजा साऱ्या गावावर. तेव्हा घर टिकवणं ही कुणाची हौस नव्हती.

वैजयंती, तुम्ही या पद्धतीला अन्याय म्हणता तेव्हा समोर पर्याय कोणता ठेवता? सगळ्यांना सारखं वाटायला मुळात होतं काय?

ओवी

काही दिवस याच विषयावर वाचत होते म्हणून इथे कालिम्नोसची भर घालते. तेही त्याच डोडेकनीज द्वीपसमूहातलं बेट. तिथेही घर मुलीच्या नावावर जातं, लग्नानंतर नवरा बायकोच्या आईच्या शेजारी येऊन राहतो. पण तिथे शेती जवळपास नाहीच, उघडा खडक आहे. सगळं पोट समुद्रातल्या स्पंजावर. सागरमित्रांचं ‘जमीन तुटू नये म्हणून’ हे कारण तिथे लागूच पडत नाही, तरी घर बाईचंच. मग कारण दुसरं शोधायला हवं.

मला ते समुद्रात दिसतं. स्पंजाचा ताफा ईस्टर झाल्यावर निघे तो ऑक्टोबरच्या सुमाराला परते. आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत जात. निघण्याआधी पाणबुड्याला उचल मिळे, तिला ‘प्लातिका’ म्हणत, आणि त्या उचलीवर बाईनं सहा महिने घर चालवायचं. १८६०च्या दशकात धातूचं शिरस्त्राण आणि हवेची नळी असलेला पोशाख आला. माणूस आता जास्त खोल जाऊ लागला, जास्त वेळ थांबू लागला. वर येताना रक्तात हवेचे बुडबुडे होतात, हे त्या लोकांना कोण सांगणार? कितीतरी मेले, कितीतरी कमरेखाली लुळे पडून परत आले. कालिम्नोसच्या लोकनृत्यात आजही एक नाच आहे, ‘मिखानिकोस’. त्यात पुढचा नाचणारा काठी टेकत, पाय थरथरवत लुळ्या पाणबुड्याची हालचाल करतो. असा नाच ज्या गावात रुजतो तिथे घर पुरुषाच्या नावावर ठेवून चालणारच नव्हतं.

आणि या बायका घरापुरत्या नव्हत्या. १९१२ पासून बेटं इटलीच्या ताब्यात होती. इथलं ऑर्थोडॉक्स चर्च कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मपीठापासून तोडायचा इटालियन राज्यकर्त्यांचा घाट होता. त्याविरुद्ध १९३५च्या एप्रिलमध्ये कालिम्नोसच्या बायका रस्त्यावर उतरल्या आणि बंदूकधारी सैनिकांवर दगड घेऊन धावल्या. त्यात एक मेंढपाळ गोळीनं मेला. बेटावर त्याला ‘दगडांची लढाई’ असंच म्हणतात. ज्या गल्ल्यांत आई, मुलगी, मावशी, आजी एकमेकींना लागून राहतात तिथे अशी एकजूट तासाभरात उभी राहते. सासरी विखुरलेल्या बायकांना ती करायला किती काळ लागला असता, याचा विचार करा.

मिठागर

ओवी, दगडांच्या लढाईबद्दल लिहिलंत, मनापासून आभार. पण लढाईनंतर बायका घरी गेल्या आणि गावचा कारभार पुरुषांनीच केला, हे विसरू नका. गावचे वडीलधारे निवडले जात ते पुरुषांतून. पाद्री पुरुष, ताफ्याचा कप्तान पुरुष, स्पंजाचा व्यापारी पुरुष. मालकी आणि सत्ता या दोन गोष्टी आहेत, आणि शमींच्या प्रतिसादात त्या एक झाल्यात.

कार्पाथोसची कानाकारा तरी किती मोकळी होती? तिच्यासाठी योग्य स्थळ म्हणजे दुसऱ्या घरचा कानाकारिस. दोन्ही मिळकती तोलामोलाच्या हव्यात. मुलीला कोण आवडतं हा प्रश्न त्या हिशेबात कुठेच नाही. ती घराची मालकीण होती हे खरं, पण घरही तिचं मालक होतं. ते घर आईचं नाव लावणाऱ्या पुढच्या मुलीपर्यंत सुखरूप पोचवणं हेच तिचं काम.

आणि बाहेरच्यांनी भुलण्याची ही पहिली वेळ नाही. अठराव्या शतकाच्या मध्याला लॉर्ड चार्लमाँट हा आयरिश उमराव एजियन समुद्रात हिंडत लेस्बॉसला पोचला. तिथेही मिळकत थोरल्या मुलीला जाते हे पाहून त्यानं बायकांनी पुरुषांचे अधिकारच बळकावल्याचं चित्र रंगवलं. आजच्या चित्रफिती तेच करतात. परक्याला घराचा दरवाजा दिसतो, चावडी दिसत नाही.

वैजयंती

सागरमित्र, पर्याय काय होता असं विचारलंत. पर्याय पुढे आला, आणि तो आला तेव्हा काय घडलं त्यातच माझ्या म्हणण्याचा पुरावा आहे.

बेटाबाहेर पैसा मिळू लागला. शेजारच्या कासोसचे लोक सुएझ कालव्याच्या खोदकामाला गेले. कार्पाथोसचे पिरेयस बंदरात, रोड्सला, अमेरिकेला गेले. ओलिम्पोसच्या लोकांची तर बाल्टिमोरमध्ये वस्तीच उभी राहिली. जाणारे बहुतेक धाकटे, कारण थोरल्याला जमीन सोडवत नव्हती. मग उलटंच झालं. डॉलर पाठवणारा धाकटा श्रीमंत झाला, जव पिकवणारा थोरला मागे पडला. धाकट्या भावांनी धाकट्या बहिणींसाठी घरं बांधली, त्यांची लग्नं झाली. जमिनीचं मोल उतरताच थोरलीचा मानही उतरला. बाईपणाला मान असता तर तो जमिनीबरोबर का घसरला असता? आणि तीन बहिणींची लग्नं होऊ शकतात हे कळायला गावाला बाल्टिमोरचा पैसा लागला, ही गोष्ट मला फार लागते. तोवर ज्या राबून गेल्या त्यांच्या नावावर एक खळंसुद्धा नाही.

शमी, तुमची मोजपट्टी मी नाकारत नाही. एपिरसच्या सुनेपेक्षा कानाकारा निश्चित सुखी होती. पण मी तिची तुलना तिच्याच घरात जमिनीवर झोपणाऱ्या बहिणीशी करते आहे.

सागरमित्र

म्हणजे माझं म्हणणं तुम्हीच सिद्ध केलंत. पैसा आल्यावर वाटणी बदलली. आधी नव्हता म्हणून बदलत नव्हती. त्या आईबापांना निर्दय ठरवू नका एवढंच मला म्हणायचं आहे. ते स्वतः भरलं घर सोडून लहान खोलीत जात होते, थोरलीच्या हाताकडे बघत जगत होते. त्याग त्यांनीही केला.

मिठागर

त्याग करणारा स्वतः ठरवून करतो. धाकटीला कुणी विचारलं होतं का?

शमी

मिठागर, मालकी आणि सत्ता वेगळ्या, हे बरोबर. पण मालकीशिवायची सत्ता आणखी पोकळ असते. कायद्याचाच पुढचा भाग बघा. डोडेकनीज बेटं ग्रीसमध्ये आली १९४८ मध्ये. ग्रीक नागरी संहितेत वारसा देताना थोरला-धाकटा, मुलगा-मुलगी असा भेद नाही. तरी आईबाप हयातीतच हुंडा म्हणून घर मुलीला देऊन टाकत, त्यामुळे रीत कायद्याच्या कडेकडेनं चालत राहिली. १९८३ साली कौटुंबिक कायदा बदलला, हुंडा ही कायदेशीर तरतूदच रद्द झाली, लग्नानंतर बाईचं आडनाव माहेरचंच राहील असं ठरलं. त्याच कायद्यानं आईबापांनी मुलांना द्यायच्या देणगीची वेगळी तरतूद केली, आणि बेटांवरची घरं आता त्या कागदावर मुलींकडे जातात. आता फक्त थोरलीकडे जात नाहीत, हा फरक मोठा आहे. वैजयंती, तुम्हाला हवी होती ती दुरुस्ती याच रीतीच्या पोटात झाली. रीत मोडून मुलग्यांना घरं द्यायला लागले असते तर धाकटीला काय मिळालं असतं?

ओवी

इथे मी शमींबरोबर आहे. १९८६ नंतर भूमध्य समुद्रात स्पंजांवर रोग पसरला, कालिम्नोसचा धंदा बसला, आता तिथे जगभरातून लोक कडे चढायला येतात. पुरुषांचं काम पार बदललं, पण मुलीसाठी आईच्या घरावर मजला चढवणं चालूच आहे. आईबापांची मिळकत त्यात ओतली जाते, भाऊसुद्धा हातभार लावतात. जमीन हेच एकमेव कारण असतं, तर ही रीत स्पंजाबरोबर किंवा त्याच्याही आधी संपायला हवी होती.

वैजयंती

कालिम्नोसबद्दल तुमचं म्हणणं मोलाचं आहे, पण तिथे प्रत्येक मुलीला घर द्यायची धडपड होती आणि कार्पाथोसला एकीलाच द्यायचा नियम होता. दोन्ही बेटं एका माळेत ओवली की धाकटी पुन्हा दिसेनाशी होते. १५ ऑगस्टला मरियामातेच्या सणाला ओलिम्पोसमध्ये लिरा हे तंतुवाद्य वाजतं, लोक जागच्या जागी दोन ओळींची गाणी रचून म्हणतात, आणि मुली नाण्यांचे सर घालून नाचतात. छायाचित्रं त्यांचीच निघतात. ज्या वृद्ध अविवाहित बायकांनी बहिणीची मुलं वाढवली आणि आव्लोनाची खळी राखली, त्यांच्यावर कुणी लेख लिहिलेला किंवा त्यांच्या तोंडून ऐकून काही टिपलेलं इथल्या कुणाच्या वाचनात असेल, ग्रीक, फ्रेंच, कोणत्याही भाषेत, तर कृपया इथे सांगा. मला तो वाचायचा आहे.