मदत हवी आहे: चेरीचं लाकूड पॉलिशआधी गडद कसं करायचं?

कडीकोयंडा:
जरा लवकर मदत हवी आहे. चेरीचं छोटं कपाट बनवलंय, वर दोन खण, खाली दार. जुळणी झाली, फक्त पॉलिश राहिलंय. आत्ता दिसतंय फिकट गुलाबीसर आणि मला हवाय तो जुन्या चेरीचा लालसर तपकिरी रंग. उरलेल्या तुकड्यावर स्टेन (लाकडात मुरणारा रंग) मारून बघितला तर सगळे डागच डाग, एकीकडे काळपट आणि बोटभर पलीकडे काही लावलंच नसल्यासारखं. पुढच्या आठवड्यात द्यायचंय. कोणी केलंय का?

रंध्याची धार:
भरीव लाकूड आहे की प्लायवर व्हिनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा? वरून काय लावणार, तेल की लॅकर? हे कळल्याशिवाय नीट सांगता येणार नाही. स्टेनचं म्हणाल तर चेरी तो सगळीकडे सारखा पीतच नाही. आधी चपडा (लाख) स्पिरिटमध्ये अगदी पातळ करून एक हात मारा, वाळला की 320 च्या पेपरने हलकंच घासा आणि मग जेल स्टेन, म्हणजे घट्टसर स्टेन. डाग पूर्ण जात नाहीत पण बरेच कमी होतात.

ऊनसावली:
स्टेन नकोच हो, उन्हात ठेवा! चेरी उजेडाने आणि हवेने आपोआप गडद होते, सुरुवातीचे काही दिवस तर डोळ्यांदेखत. माझी टेबलाची फळी बाहेर ठेवली होती आणि तिच्यावर लाकडी फूटपट्टी विसरले, चार दिवसांनी उचलली तर खाली पट्टीच्या मापाचा फिकट ठसा, कडा अगदी रेघ मारल्यासारख्या. नंतर तो भाग उघडा राहिला आणि हळूहळू बाकीच्या रंगाला येऊन मिळाला. खण बाहेर काढा, दार उघडं ठेवा, रोज बाजू फिरवा. आणि घासायचं ते सगळं आधी घासून घ्या, कारण हा रंग वरच्यावरच असतो, नंतर पेपर मारलात की गेला.

जुना_हात:
उन्हाला आठवडे लागतात, त्यांना घाई आहे. कॉस्टिक सोडा. मी एक लिटर पाण्यात साधारण 15 ग्रॅम घेतो, प्लॅस्टिकच्या भांड्यात, आणि सोडा पाण्यात घालायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही. सिंथेटिक ब्रशने सगळीकडे भरभर लावायचं, बघता बघता लाल होतं. मग व्हिनेगर मिसळलेल्या पाण्याने पुसायचं, नंतर साध्या पाण्याने. हातमोजे आणि चष्मा पाहिजेच.

रंध्याची धार:
@जुना_हात, पहिल्यांदा करणाऱ्याला हे सांगू नका प्लीज. एकदा जास्त गडद झालं की मागे येता येत नाही, आणि आडव्या कापाच्या टोकांना तर काळंच पडतं. शिवाय पाण्याने तंतू उभे राहतात. व्हिनियर असेल तर ते परत घासताना आरपार जायची भीती. त्यांनी अजून सांगितलेलंही नाही काय आहे ते!

जुना_हात:
तंतूंसाठी आधी नुसतं पाणी लावून वाळवून घासून घ्यायचं, मी कायम तसंच करतो. आणि तुकड्यावर ट्रायल घ्या हे काय सांगायला पाहिजे?

निळीशाई:
अमोनियाची धुरी द्या, मी ऐकलंय खूप सुंदर रंग येतो.

रंध्याची धार:
ते ओकसाठी, त्यात टॅनिन (अमोनियाने गडद होणारं द्रव्य) भरपूर असतं. चेरीवर तेवढा फरक पडत नाही.

पाटावरवंटा:
मध्येच विचारते, सागवानी टेबलावर गरम भांड्याचं पांढरं वर्तुळ पडलंय, ते कसं घालवायचं?

ऊनसावली:
ताई, वेगळा धागा काढा ना, इथे हरवून जाईल.

कडीकोयंडा:
सॉरी, सगळं भरीव आहे, व्हिनियर नाही. वरून जवसाचं तेल आणि मग वॉर्निश. एक सांगायचं राहिलं, दाराच्या चौकटीत एका बाजूला उभी पांढरी पट्टी आहे, ती पण गडद होईल ना?

रंध्याची धार:
हे आधी सांगायला हवं होतं हो! ती सालीजवळच्या लाकडाची पट्टी, गाभ्याची नाही. ती उन्हात बाकीच्यासारखी लाल होत नाही, उलट बाकीचं गडद झालं की जास्तच उठून दिसेल. एकतर तो तुकडा बदला, नाहीतर चपड्याचा हात मारून तेवढ्याच पट्टीवर बारीक ब्रशने रंग जुळवा, पण बाकीचं गडद झाल्यावर, आधी नाही.

ऊनसावली:
आणि जवसाचं तेल उन्हानंतर लावा, रंग लगेच आणखी खोल दिसतो. तेलाची फडकी गोळा करून टाकू नका, आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.

जुना_हात:
ज्यांना द्यायचंय त्यांना सरळ सांगा की वापरात चेरी अजून गडद होत जाणार. मग पुढच्या आठवड्यात थोडं फिकट दिलंत तरी चालेल. सोडा टाळायचा असेल तर एवढं तरी करा.

कडीकोयंडा:
त्यांच्याशी बोललो, दहा दिवस जास्त मिळाले. चौकटीची ती बाजू काढून नवीन बसवतोय. खण सकाळीच उन्हात ठेवलेत, एका तुकड्यावर अर्ध्या भागात चिकटपट्टी लावलीये म्हणजे रोज फरक कळेल. एकच विचारायचंय, आज ढग आहेत, तरी बाहेरच ठेवू ना?

ऊनसावली:
ठेवा, ढगातही होतं, फक्त हळू. पाऊस दिसला की मात्र लगेच आत घ्या.